प्रतिष्ठानांचे दान आणि चळवळीची विषयपत्रिका : एक चिकित्सा

सामाजिक चळवळी आणि त्यांना मिळणारे अर्थसाहाय्य या विषयावर आपल्याकडे बोलणे पुष्कळ होते, चिकित्सा क्वचितच होते. एका पक्षाच्या मते बाहेरून आलेला प्रत्येक पैसा ही लाच आहे आणि तो घेणारा कार्यकर्ता विकला गेलेला आहे. दुसऱ्या पक्षाच्या मते पैशाला जात नसते, काम झाले म्हणजे पुरे. पहिला पक्ष व्यक्तीच्या चारित्र्यापाशी थांबतो, दुसरा हिशेबाच्या वहीपाशी. पैसा कोणत्या वाटेने चळवळीत शिरतो आणि शिरल्यावर नेमके काय बदलतो, हा प्रश्न दोघेही विचारीत नाहीत.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चळवळीच्या अभ्यासकांनी मात्र हा प्रश्न गेल्या अर्धशतकात चिकाटीने विचारला आहे. प्रस्तुत लेखात त्यांच्या मीमांसेचा परामर्श घेऊन ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या एका प्रकरणाशी आणि पाली विनयातील काही नियमांशी ताडून पाहावी, असा आमचा प्रयत्न आहे. या तुलनेतून अमेरिकन मीमांसेची उणीव दिसते, तशीच आपलीही दिसते. दुसरी अधिक महत्त्वाची आहे.

१. अमेरिकन मीमांसा

या विषयावरील आरंभीच्या महत्त्वाच्या ग्रंथांत रॉबर्ट ॲलन यांचा ‘ब्लॅक अवेकनिंग इन कॅपिटलिस्ट अमेरिका’ (१९६९) हा ग्रंथ गणला जातो. १९६६ च्या उन्हाळ्यात क्लीव्हलँड शहरातील कृष्णवर्णीय वस्तीत मोठा उद्रेक झाला. पुढच्याच वर्षी फोर्ड प्रतिष्ठानाने तेथील ‘कोअर’ या लढाऊ संघटनेच्या शाखेस १,७५,००० डॉलरचे अनुदान दिले. त्यातून मतदारनोंदणी आणि नेतृत्व-प्रशिक्षण व्हावयाचे होते. नोव्हेंबर १९६७ मध्ये कार्ल स्टोक्स हे त्या शहराचे महापौर झाले. अमेरिकेतील एखाद्या मोठ्या शहराचे ते पहिले कृष्णवर्णीय महापौर. प्रतिष्ठानाचे अध्यक्ष मॅकजॉर्ज बंडी हे त्यापूर्वी राष्ट्राध्यक्षांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार होते, याकडे ॲलन लक्ष वेधतात. रस्त्यावरचा क्षोभ सभागृहात आणावा आणि त्या क्षोभाचे व्यवस्थापन करणारा कृष्णवर्णीयांचाच एक वर्ग तयार व्हावा, हा या दानामागील हेतू होता, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

मेगन मिंग फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेला निबंध अधिक सूक्ष्म आहे. त्यांचा विषय ‘नॅशनल असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल’ ही १९०९ साली स्थापन झालेली संघटना आणि १९२२ साली स्थापन झालेला ‘गार्लंड फंड’ यांचा संबंध हा आहे. चार्ल्स गार्लंड या तरुणाने वडिलार्जित संपत्ती स्वतःकडे ठेवण्यास नकार देऊन ती सामाजिक कार्यास दिली, त्यातून हा फंड निर्माण झाला. दात्याच्या हेतूविषयी शंका घेण्यास येथे फारशी जागा नाही. फंडाचे चालकही पुरोगामी विचारांचे होते. संघटनेचा त्या काळातील मुख्य प्रश्न कृष्णवर्णीयांच्या जमावाकडून होणाऱ्या हत्यांचा होता. १९२२ च्या जानेवारीत त्यासंबंधीचे डायर विधेयक कनिष्ठ सभागृहात संमतही झाले. त्याच वर्षअखेर सिनेटमध्ये दक्षिणेकडील सदस्यांनी ते रोखून धरले. प्राण वाचविणे हा ज्या संघटनेचा पहिला विषय होता, तिचा भर पुढील दशकात शिक्षणातील विषमतेविरुद्धच्या खटल्यांकडे वळला. हे वळण लागण्यात गार्लंड फंडाच्या पसंतीचा मोठा वाटा होता, असे फ्रान्सिस दाखवितात. कोणी आज्ञा केली नाही, कोणी धमकी दिली नाही. कोणत्या कामास पैसा मिळण्याजोगा आहे एवढे समजत गेले, आणि सदैव तुटीत असलेली संघटना त्या दिशेने झुकली. या प्रक्रियेस फ्रान्सिस यांनी जे नाव दिले आहे त्याचा आशय ‘चळवळीचा कब्जा’ या शब्दांनी सांगता येईल.

शिक्षणाचे खटले निष्फळ ठरले असे कोणीही म्हणणार नाही. १९३१ चा मार्गोल्ड अहवाल, त्यानंतर चार्ल्स ह्यूस्टन यांनी उभारलेली न्यायालयीन मोहीम आणि १९५४ चा ‘ब्राऊन’ खटल्याचा निकाल ही मानवमुक्तीच्या इतिहासातील मोठी पाने आहेत. परंतु जमावहत्येस संघराज्याचा गुन्हा ठरविणारा कायदा अमेरिकेत मार्च २०२२ मध्ये झाला. डायर विधेयकापासून मोजल्यास शंभर वर्षे झाली.

२. या मीमांसेच्या मर्यादा

ही मीमांसा आम्हांस मौलिक वाटते. तथापि ती जशीच्या तशी स्वीकारता येणार नाही.

पहिली गोष्ट अशी की, गार्लंड फंडाच्या संचालकांत त्या संघटनेचेच नेते जेम्स वेल्डन जॉन्सन होते. संघटनेने जमावहत्येचा प्रश्न सोडूनही दिला नव्हता; १९३४-३५ मध्ये कॉस्टिगन-वॅग्नर विधेयकासाठी ती पुन्हा लढली. शंभर वर्षांच्या विलंबाचा दोष प्रथम सिनेटमधील अडवणुकीचा आहे, फंडाचा नंतरचा. शिवाय योजलेल्या एक लाख डॉलरपैकी थोडाच भाग प्रत्यक्षात मिळाला, कारण १९२९ च्या मंदीने फंडाची संपत्ती आटली. येथून एक महत्त्वाची गोष्ट निघते, तिच्यावर फ्रान्सिस यांनी अधिक भर द्यावयास हवा होता असे आम्हांस वाटते. चळवळीचे तोंड फिरविण्यास पैसा यावाच लागतो असे नाही. पैशाची आशा पुरेशी असते. अर्जाचा मसुदा मांडताना विषय बदलतो, धनादेश येतो तो त्यानंतर.

दुसरी गोष्ट. हर्बर्ट हेन्स (१९८४) आणि क्रेग जेंकिन्स व क्रेग एकर्ट (१९८६) यांच्या अभ्यासांतून असे दिसते की, प्रतिष्ठानांचा पैसा चळवळीच्या आधी आला नाही. उठावांच्या मागोमाग आला. जहाल संघटना जसजशा पुढे गेल्या तसतसे मवाळ संघटनांचे उत्पन्न वाढत गेले. तेव्हा दात्याने चळवळ निर्माण केली हे जितके खोटे, तितकेच दात्याने ती एकट्याने संपविली हेही खोटे ठरते. तापलेल्या लोखंडाला आकार देण्याची संधी त्याने घेतली. लोखंड तापविले ते निर्धन माणसांनी.

तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. १९६१ च्या ‘फ्रीडम राइड्स’नंतर केनेडी प्रशासनाची इच्छा होती की, तरुणांनी थेट संघर्ष सोडून मतदारनोंदणीकडे वळावे. १९६२ मध्ये टॅकॉनिक, फील्ड आदी प्रतिष्ठानांच्या पैशातून ‘व्होटर एज्युकेशन प्रोजेक्ट’ सुरू झाला. या प्रश्नावर विद्यार्थ्यांच्या ‘स्निक’ संघटनेत फूट पडण्याची वेळ आली होती; एला बेकर या ज्येष्ठ कार्यकर्तीने दोन्ही मार्ग चालू ठेवण्याची तडजोड सुचविली. पुढे झाले असे की, मिसिसिपीत मतदार म्हणून नाव नोंदविण्यास जाणे हेच जिवावरचे कृत्य ठरले. जे काम संघर्ष टाळण्यासाठी सुचविले गेले, त्यातूनच सर्वांत तीव्र संघर्ष उभा राहिला. दात्याने नेमून दिलेल्या कामाचा अर्थ कार्यकर्त्यांनी आपल्या आचरणाने बदलला. ‘कब्जा’ या शब्दात ही शक्यता मावत नाही. त्या शब्दाने दाता सर्वशक्तिमान होतो आणि घेणारा माणूस केवळ मातीचा गोळा ठरतो.

३. बाबासाहेबांनी मांडलेला प्रश्न

ॲलन यांच्या २४ वर्षे आधी, १९४५ मध्ये, बाबासाहेबांनी ‘व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टु दि अनटचेबल्स’ या ग्रंथात हरिजन सेवक संघाची चिकित्सा करणारे एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि त्या कार्यास राजकीय धर्मादाय म्हटले. धर्मादाय पैसा आणि मुक्तीची चळवळ यांच्या संबंधाचे इतके नेमके विवेचन त्या काळात अन्यत्र झालेले आमच्या पाहण्यात नाही. अमेरिकन अभ्यासकांच्या चर्चेत त्याचा उल्लेख सहसा येत नाही, ही त्या चर्चेची उणीव होय.

घटनाक्रम वाचकांना परिचित आहे. २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. ३० सप्टेंबरला मुंबईत अस्पृश्यतानिवारणासाठी अखिल भारतीय संघ स्थापन झाला. घनश्यामदास बिर्ला अध्यक्ष आणि अमृतलाल ठक्कर चिटणीस झाले. हाच पुढे हरिजन सेवक संघ म्हणून ओळखला गेला. तिसऱ्या गोलमेज परिषदेस जात असताना बाबासाहेबांनी १४ नोव्हेंबर १९३२ रोजी बोटीवरून ठक्करांना एक विस्तृत पत्र लिहिले. त्या पत्राचा आशय असा : अस्पृश्यांची दुःस्थिती त्यांच्या वैयक्तिक दुर्गुणांतून आली आहे असे मानल्यास दारूबंदी, व्यायामशाळा, वाचनालये, शाळा असा कार्यक्रम निघतो, ती सभोवतालच्या समाजरचनेतून आली आहे असे मानल्यास निराळा कार्यक्रम निघतो. तो म्हणजे विहिरी, शाळा, चावडी, वाहने यांवरील नागरी हक्कांसाठी मोहीम, मग त्यातून संघर्ष उद्भवला तरी चालेल. गिरण्यांच्या विणकाम खात्यासारख्या बंद असलेल्या ठिकाणी कामाची समान संधी. आणि स्पृश्यांच्या घरांत अस्पृश्यांचा वावर. हे काम करणारे कार्यकर्तेही शक्यतो अस्पृश्यांतूनच घ्यावेत, असा त्यांचा आग्रह होता. या पत्राची पोचही त्यांना मिळाली नाही. संघाचा पैसा प्रामुख्याने शिक्षणावर व कल्याणकार्यावर खर्च होत राहिला.

पुढे संघाच्या मंडळांवर अस्पृश्यांना प्रतिनिधित्व मिळावे अशी मागणी झाली, तेव्हा गांधीजींनी दिलेले उत्तर तर्कदृष्ट्या लक्षणीय आहे. हे कार्य स्पृश्यांचे प्रायश्चित्त आहे, पैसाही त्यांनीच दिलेला आहे. म्हणून मंडळ ऋणकोंचे असले पाहिजे, धनकोंनी फार तर सल्लागार मंडळे काढावीत, असा त्याचा मथितार्थ होता. वाचकांनी हा युक्तिवाद सावकाश उलगडून पाहावा. अस्पृश्य हे धनको आहेत, म्हणजे समाज त्यांचे देणे लागतो, हे मान्य केले आहे. परंतु कर्ज किती, ते केव्हा आणि कोणत्या स्वरूपात फेडावयाचे, हे ऋणकोने एकट्याने ठरवावयाचे आहे. जगातील कोणता सावकार अशा कर्जफेडीस मान्यता देईल?

बाबासाहेबांच्या विश्लेषणाचे वैशिष्ट्य येथे आहे. दात्याचा हेतू शुद्ध की अशुद्ध, यावर त्यांची चिकित्सा अवलंबून नाही. त्यांनी दोन गोष्टी तपासल्या. निर्णयाच्या आसनावर कोण बसतो? आणि दुःखाचे कारण कोठे शोधले जाते, पीडितात की पीडा देणाऱ्या रचनेत? या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की दानाचे स्वरूप आपोआप उघड होते. गार्लंड फंडाला हीच कसोटी लावली तर ‘कब्जा’ या शब्दापेक्षा अधिक नेमके काही हाती लागते. दाता चळवळीचे अनेक विषय पाहतो आणि त्यांतून असा एक विषय निवडतो, ज्यासाठी त्याला आपल्या समाजाशी कमीत कमी भांडावे लागेल. तो विषय खरा असतो, आवश्यकही असतो. शिक्षण आवश्यक नव्हते असे कोण म्हणेल? परंतु त्याच्या प्रकाशात विहीर आणि चावडी दिसेनाशी होते.

बाबासाहेबांनी दान सर्वथा नाकारले, असा मात्र याचा अर्थ नाही. १९१३ मध्ये ते बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. परत आल्यावर दहा वर्षे संस्थानाची सेवा करण्याची अट त्या करारात होती. १९२० मध्ये ‘मूकनायक’साठी छत्रपती शाहू महाराजांनी २,५०० रुपयांचे साहाय्य केले. पहिल्या दानाची अट उघड आणि लेखी होती. दुसऱ्या दानामुळे पत्राची लेखणी कोणाच्या हाती गेली नाही.

४. विनयाचा दृष्टिकोन

अमेरिकन ग्रंथांत दात्याच्या वर्तनाचे विवेचन विपुल आहे. घेणाऱ्याने कोणती शिस्त पाळावी याचे तुलनेने थोडे. पाली वाङ्मयात हे प्रमाण उलटे आहे. भिक्खुसंघ पूर्णतः दानावर जगणारा होता आणि त्याचे प्रतिष्ठान मोडू न देण्याची जबाबदारी विनयाने प्रामुख्याने घेणाऱ्यावर टाकली. भिक्खुसंघ म्हणजे आजच्या अर्थाची सामाजिक चळवळ नव्हे, हे आम्ही विसरत नाही. तरीही त्याच्या अनुभवातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

संयुत्तनिकायात ‘लाभसक्कार’ या नावाचे स्वतंत्र संयुत्त आहे. त्यात अजातशत्रू हा देवदत्तासाठी सकाळ-संध्याकाळ पाचशे रथांनी जातो आणि अन्नाची पाचशे पात्रे पाठवितो, असे वर्णन येते. भिक्खूंनी त्याचा हेवा करू नये, असे तथागत सांगतात. उग्र कुत्र्याच्या नाकावर पित्त फोडले तर तो अधिकच उग्र होतो, तशी देवदत्ताची स्थिती होईल. संघात फूट पाडू पाहणाऱ्याच्या मागे राजाश्रय उभा होता, हा या कथेतील अर्थकारणाचा भाग आपण बहुधा दुर्लक्षितो.

विनयातील दोन नियम तर थेट या विषयाचे आहेत. संघासाठी म्हणून ठरलेला लाभ जाणूनबुजून स्वतःकडे वळविणे हा तिसावा निस्सग्गिय पाचित्तिय दोष आहे; तो अन्य व्यक्तीकडे वळविणे हा ब्याऐंशीवा पाचित्तिय. दान समूहाचे आहे, त्याचा ओघ एकट्याने बदलावयाचा नाही. तिसरा नियम दात्यासंबंधीचा आहे. चुल्लवग्गात वड्ढ लिच्छवी या उपासकाने दब्ब मल्लपुत्त या भिक्खूवर खोटा आरोप केला, तेव्हा संघाने त्याच्यापुढे पात्र पालथे केले, म्हणजे त्याचे दान घेणे थांबविले. हे कर्म ज्या आठ कारणांनी करता येते, त्यांत भिक्खूंना भिक्खूंपासून फोडणे हे एक आहे. वड्ढाने चूक मान्य केल्यावर पात्र पुन्हा उलथे करण्यात आले. दात्याशी कायमचे वैर नाही. परंतु पात्र पालथे करण्याचा अधिकार संघाचा, आणि तो संघाने एकत्र येऊन वापरावयाचा.

याच्या दुसऱ्या बाजूस विशाखेचे उदाहरण आहे. तिने आठ वर मागितले ते पाऊस, आजार, प्रवास या भिक्खूंच्या प्रत्यक्ष गरजा पाहून. आणि तथागतांनी प्रत्येकाचे कारण विचारून घेतल्यावरच ते मान्य केले. दानास कारण विचारणे हा उद्धटपणा मानला गेला नाही.

तथापि संघाच्या इतिहासाचा पुढचा भागही प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. नाशिकच्या लेण्यांत उषवदाताचा लेख आहे. त्याने ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे मुद्दल न मोडता व्याजावर चालणारी ठेव, विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. २,००० वर दरमहा शेकडा एक, १,००० वर शेकडा पाऊण असे व्याज. त्यातून भिक्खूंच्या चीवरांची व इतर खर्चाची सोय झाली. प्रतिष्ठानाची ही आपल्या भूमीतील प्राचीन नमुन्याची घडण आहे. सोय झाली, लेणी टिकली. परंतु ज्या भिक्खूस चीवरासाठी गावात जावे लागत नाही, त्याचे गावाशी नाते हळूहळू विरळ होते. संघाच्या ऱ्हासाच्या कारणांत अनेक अभ्यासकांनी हे एक कारण मानले आहे. आम्हांसही ते ग्राह्य वाटते.

५. आपला प्रश्न

हरिजन सेवक संघावरील बाबासाहेबांचे प्रकरण आपण गांधीजींवरील टीका म्हणून वाचतो, आणि तेथेच ठेवून देतो. ते आपल्या संस्थांना लावून पाहिले पाहिजे. आम्ही स्वतःपासून आरंभ करतो.

काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातील एका तालुक्यात काम करणाऱ्या संस्थेचा अनुदानासाठीचा अर्ज आम्ही इंग्रजीत लिहून दिला. संस्थेचा मूळ विषय गायरान जमिनीचा होता. अर्जाच्या नमुन्यात तीन वर्षांत होणाऱ्या, मोजता येण्याजोग्या निष्पत्तीचा रकाना होता. सातबाऱ्यावर नाव केव्हा चढेल हे कोण सांगणार? बचतगट किती निघतील हे सांगता येते. आम्ही बचतगटांची संख्या लिहिली. अर्ज मंजूर झाला. तीन वर्षांनी गेलो तेव्हा तहसील कचेरीत खेटे घालणारे दोन्ही कार्यकर्ते गटांच्या नोंदवह्या तपाशीत बसले होते. गटांतील स्त्रियांचा लाभ झाला होता, हे खरेच. गायरानाची फाईल मात्र जेथे होती तेथेच होती. कोणी कोणाला विकले गेले नव्हते. ती ओळ आमच्या हातची होती.

कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे जे सत्याग्रह झाले, त्यांस असा रकाना भरावा लागला नाही. भाकरी घरची आणि तुरुंग सरकारचा होता. त्या काळाकडे परत जावे असे म्हणणे सोपे आहे. परंतु दीर्घ मुदतीचे खटले, वसतिगृहे, संशोधन यांस पैसा लागतो, आणि गरीब समाजाने तो सर्व स्वतःच्या खिशातून द्यावा असे म्हणणे हाही एक प्रकारचा अन्याय आहे. राज्यसंस्थेची दोरीही विसरून चालणार नाही. परकीय देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आणि मोठ्या संस्थेने लहान संस्थेस तो पैसा देणे बंद झाले. खेड्यातील छोट्या गटाला त्याचा फटका अधिक बसतो.

नकार देता येतो, याचे दाखलेही आहेत. २००४ च्या जानेवारीत मुंबईत गोरेगाव येथे जागतिक सामाजिक मंच भरला, तेव्हा भारतीय संयोजकांनी फोर्ड प्रतिष्ठानाचा पैसा घेतला नाही. त्याच वर्षी अमेरिकेतील ‘इन्साइट’ या स्त्रीसंघटनेचे एक लाख डॉलरचे अनुदान फोर्डने मागे घेतले, कारण तिने पॅलेस्टिनींच्या मुक्तिलढ्यास पाठिंबा जाहीर केला होता. त्या अनुभवाच्या पार्श्वभूमीवर २००७ मध्ये तिने संपादित केलेला लेखसंग्रह प्रसिद्ध झाला. एकीकडे संघटनेने पात्र पालथे केले. दुसरीकडे दात्याने हात आखडला. दोन्ही ठिकाणी काम थांबले नाही.

आम्हांस सुचतो तो मार्ग साधा आहे. कोणताही अर्ज लिहिण्यापूर्वी वस्तीच्या सभेत आपल्या प्रश्नांची यादी अग्रक्रमाने लिहून घ्यावी आणि तिच्यावर तारीख घालावी. अनुदान मिळाल्यावर दरवर्षी ती यादी त्याच सभेत पुन्हा वाचावी. पहिल्या क्रमांकाचा प्रश्न खाली गेला असेल तर तो कोणी खाली नेला, हे विचारावे. त्या पहिल्या प्रश्नासाठी लागणारा पैसा, थोडा असला तरी, लोकांच्या धम्मदानातूनच उभा करावा, म्हणजे तो कोणाच्या मंजुरीवर अवलंबून राहणार नाही. उरलेल्या कामांसाठी इतरांचे साहाय्य घेण्यास हरकत नसावी. आणि पात्र केव्हा पालथे करावयाचे हे घेण्याच्या दिवशीच ठरवून ठेवावे. नंतर ते ठरविण्याचे धैर्य सहसा होत नाही.

१४ नोव्हेंबर १९३२ च्या पत्रात बाबासाहेबांनी जी यादी पाठविली, तिच्या आरंभीच सार्वजनिक विहिरीवरील हक्काचा प्रश्न होता. त्यांना उत्तर आले नाही, पण म्हणून त्यांनी यादीचा क्रम बदलला नाही. आपल्या संस्थांच्या दप्तरांत अशी यादी आहे काय, आणि असल्यास तिच्यावर शेवटची तारीख कोणती आहे, हे वाचकांनी एकदा उघडून पाहावे.